स्केल मॉडेल कार बनवताय? निदान या चुका तरी टाळा

फोनवर फोटो येतो. १/२४ स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या भागाएवढी प्लास्टिकची गाडी, बहुतेक वेळा निळी नाहीतर लाल, आणि खाली एकच ओळ: "काका, हे असं का झालं?" फोटो मोठा करून बघायचीही गरज पडत नाही. गाड्या बदलतात, चुका त्याच असतात. तीन-चार हजारांचं किट (सुटे भाग जोडून, रंगवून गाडी बनवायचा संच) आणायचं, खोक्यावरचं चित्र बघून हरखायचं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी शोकेसमध्ये हवी म्हणून घाई करायची. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी हाच लेख पाठवता येईल.

पावसाळ्यात स्प्रे मारणं

या चुकीवर माझा खास राग आहे, म्हणून पहिली हीच.

स्प्रे कॅनमधला लॅकर रंग सुकतो म्हणजे त्यातला थिनर उडतो. थिनर झपाट्याने उडाला की पृष्ठभाग गार पडतो आणि हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर पाणी धरतं. ते ओल्या रंगात अडकलं की चकचकीत निळ्याच्या जागी पांढुरका, धुरकट थर दिसतो. ठाणे-मुंबईच्या जुलैमध्ये हे होणारच. तुमचा हात कितीही चांगला असो, हवा ऐकत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने तामिया या जपानी कंपनीचं निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ गाडीचं किट आणलं होतं. फार सुंदर किट आहे. त्याला हवा होता निसानचा तो प्रसिद्ध बेसाइड ब्लू. मॉडेलचा रंग महाग पडतो म्हणून त्याने गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानातून जवळपासचा निळा कॅन उचलला. प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) नाही. शनिवारची संध्याकाळ, गॅलरी, बाहेर धो धो पाऊस. पहिला हात पातळ बसला, खालचं प्लास्टिक दिसत होतं, म्हणून लगेच दुसरा जाड हात. तो पांढरा पडला, म्हणून त्यावर तिसरा. तरी सुकेना, तेव्हा बहिणीचा हेअर ड्रायर.

रविवारी सकाळी तो बुटाच्या खोक्यात बॉडी घेऊन दारात उभा. एका बॉडीवर चार भानगडी होत्या. बॉनेटच्या कडांना बारीक भेगांची जाळी, कारण खऱ्या गाडीच्या पत्र्यासाठी बनवलेल्या रंगातला थिनर उघडं पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिक, खातो. छपरावर पांढरं धुकं. दरवाज्यांच्या रेषा रंगाने बुजलेल्या, मागच्या फेंडरवर ओघळ आणि त्या ओघळावर अंगठ्याचा ठसा. चौथी भानगड ड्रायरची: विंडशील्डच्या बाजूचा बारीक खांब आत वाकला होता, काच बसेना.

बॉडी एक दिवस झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली. हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासली, तेव्हा रंग सुटला. (ब्रेक ऑइल कातडीला वाईट, आणि ते सिंकमध्ये ओतायचं नाही. हे सांगावं लागतं.) वाकलेला खांब गरम पाण्यात धरून हळूहळू सरळ केला. पाणी उकळतं नको, नाहीतर अख्खं छप्पर बसतं. भेगा मात्र रंगात नव्हत्या, प्लास्टिकमध्येच गेल्या होत्या, त्याला कुठलंच रसायन चालत नाही. ६०० नंबरचा पॉलिश पेपर, मग मिस्टर सरफेसर या बारीक भेगा भरणाऱ्या जाडसर प्रायमरचा हात, मग १००० नंबर, आणि बुजलेल्या रेषा सुईने पुन्हा ओढणं. तो विचारतो, "मग आज संध्याकाळी रंग मारू का?" मी म्हटलं, "दसऱ्याला."

माझी सवय अशी. टेबलावर आर्द्रता दाखवणारं साधं मीटर आहे. काटा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅनला हात लावायचा नाही. जून ते सप्टेंबर मी इंजिन, सीट, डॅशबोर्ड, शॅसी ही ब्रशने रंगवायची कामं करतो आणि बॉडी फक्त घासून, प्रायमरपर्यंत तयार ठेवतो. प्रायमरसुद्धा कोरड्या दुपारीच. रंगाचे पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे, १५-२० सेंटीमीटरवरून, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. स्प्रे बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा. तिसरा हात ओला. कॅन आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हात घालता येईल इतकं. गॅसवर कॅन गरम करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

रंग धुरकट झालाच, तर त्यावर लगेच आणखी रंग चढवू नका. कोरड्या दिवसाची वाट बघा आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घातलेल्या लॅकर थिनरचा अगदी हलका हात द्या. वरचा थर पुन्हा ओला होऊन अडकलेलं पाणी निघून जातं. बहुतेक वेळा जमतं.

आणि सुकला की नाही हे बोट लावून बघायचं नसतं, नाक लावून बघायचं असतं. वास येतोय तोवर आत थिनर आहे. वास गेल्याशिवाय मास्किंग टेप नाही, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) नाही, पॉलिश तर नाहीच.

स्वस्त कॅनचं समर्थन करणाऱ्यांसाठी एक हिशेब. १/२४ स्केलमध्ये ०.२ मिलिमीटर रंग म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ ५ मिलिमीटर. मेटॅलिकचंही तेच. खऱ्या गाडीच्या रंगातला चमकीचा कण मॉडेलवर २४ पट मोठा दिसतो, साबुदाणा शिंपडल्यासारखा. मॉडेलसाठीच्या रंगात हे कण बारीक असतात, त्याचे पैसे आपण मोजतो.

खिडक्यांना सुपरग्लू

सगळी गाडी उत्तम, आणि शेवटच्या अर्ध्या तासात काचा चिकटवल्या सुपरग्लूने. सकाळी काचा आतून पांढऱ्या. हा फोटो वर्षभर येत राहतो, त्याला ऋतू नाही.

सुपरग्लूची वाफ होते आणि ती जवळच्या पृष्ठभागावर बसून घट्ट होते, विशेषतः जिथे ओल किंवा बोटांचे ठसे असतील तिथे. गुन्ह्याच्या तपासात बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ मुद्दाम वापरतात. मॉडेलची बॉडी म्हणजे चारी बाजूंनी बंद टोपणच. वाफ आत कोंडते आणि तुमचेच ठसे विंडशील्डवर कायमचे उमटतात.

काचेला साधा फेविकॉल लावा. टूथपिकच्या टोकाने कडेला ठिपके द्यायचे, काच बसवायची, बाहेर आलेला ओल्या कापूसकाडीने पुसायचा. सुकल्यावर तो पारदर्शक होतो. "पण काका, ताकद?" अरे, ती काच आहे, तिच्यावर कुणी बसणार आहे का? आरसे, हेडलाइट, टेललाइट यांनाही तेच. नेहमीच्या जोडांना मात्र पातळ सिमेंट, म्हणजे तामियाचं हिरव्या झाकणाचं. ते प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं. म्हणूनच ते काचेच्या जवळपास नेऊ नका, त्याचा एक थेंब ओघळला तर काच गेली. काच धुरकट झाली असेल तर बाहेर काढा, २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासा, मग पॉलिशिंग कंपाउंडने (बारीक घासणाऱ्या पेस्टने) पॉलिश करा. वेळ लागतो. लागू दे.

रंगवून झाल्यावर 'बसतंय का' बघणं

कस्टम करणाऱ्यांचा हा खास आजार. गाडी खाली बसवायची, रुंद व्हील घालायची, बॉडी किट लावायचं आणि हे सगळं रंग झाल्यावर.

२४ पटीचा हिशेब इथेही करा. मॉडेल २ मिलिमीटर खाली घेतलं म्हणजे खरी गाडी ४८ मिलिमीटर, जवळजवळ दोन इंच खाली. तेवढ्यात गाडी भारी दिसायला लागते. पण मुलं सस्पेन्शनचे तुकडे चार-पाच मिलिमीटर कापतात, मग टायर फेंडरच्या आत घुसतो आणि बॉडी शॅसीवर टेकत नाही. मग आतून फेंडर कोरायचे, त्यात बाहेरचा रंग उडतो, आणि फोटो मला.

एका सुट्टीच्या सकाळी कोरडी जोडणी करा. गोंद नाही, रंग नाही, फक्त मास्किंग टेपचे तुकडे. शॅसी, चाकं, डॅशबोर्ड, सीट, बॉडी, सगळं एकत्र. चाक कमानीच्या मधोमध आहे का, चारही चाकं टेबलाला टेकतात का, डॅशबोर्ड विंडशील्डला अडतो का, हे टेबलाच्या पातळीवर डोळा आणून बघा. कापायचं तर अर्धा मिलिमीटर कापा आणि पुन्हा बघा. जास्त कापलं तर प्लास्टिक शीटची चकती घालून भरता येतं, पण ते जादा काम झालं. रंगाची जाडीही धरा. घट्ट बसणारा दरवाजा किंवा बॉनेट रंगानंतर बसणारच नाही, म्हणून कडा आधीच किंचित घासून ठेवा.

याच वेळी बॉडी उलटी करून आतून बघा. बऱ्याच किटमध्ये स्पॉयलर, आरसे, अँटेना यांची भोकं आतून अर्धीच पाडलेली असतात, कारण एकाच साच्यातून दोन-तीन प्रकारच्या गाड्या निघतात. जी हवीत ती रंगाआधी आतून पाडायची. रंगानंतर बाहेरून ड्रिल लावलं की काय होतं ते सांगत नाही.

आता माझं वैयक्तिक मत. अमेरिकेत एएमटी कंपनीने १९५८ पासून 'थ्री इन वन' किट काढली: एकाच खोक्यात शोरूमची गाडी, कस्टम आणि रेसची. तीनपैकी एक निवडायची, असा तो बेत. आपल्याकडे मुलं तिन्हींचे भाग एकाच गाडीला लावतात. खोक्यात आहे म्हणून लावायलाच पाहिजे असं नाही. स्पॉयलर, स्कूप, साइड पाइप, निऑन रंग, ज्वाळांची डेकल, सगळं एकदम! एक गोष्ट ठरवा, बाकीचं सुटे भागांच्या डब्यात टाका. तो डबा पुढे फार उपयोगी पडतो.

बाकीच्या, पटापट

भाग धुवत नाहीत. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहतो आणि रंग सोलून येतो. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना ब्रश, बस्स.

भाग स्प्रूवरून (ज्या प्लास्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावरून) हाताने मोडतात. निपर घ्या, आणि पहिला काप भागापासून थोडा लांब द्या. नखं कापायचं नेलकटर चालतं असं सांगणारे भेटतात. त्यांच्या गाड्यांच्या बंपरवर पांढरे डाग असतात.

क्रोमच्या भागांवर थेट गोंद. क्रोमचा थर पातळ असतो, गोंद त्याला धरतो आणि भाग क्रोमसकट निघून येतो. जोडाच्या जागी क्रोम खरवडा.

रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या वेगळ्या जातीच्या प्लास्टिकच्या) व्हीलना प्लास्टिक सिमेंट. रेझिन त्यात विरघळत नाही, तिथे सुपरग्लू किंवा इपॉक्सी. आणि रेझिन घासायचं ते पाण्यात आणि तोंडाला मास्क लावून, ती धूळ छातीत जायला नको.

लाल प्लास्टिकवर थेट पांढरा रंग. चार दिवसांनी गाडी गुलाबी. आधी लाल दाबणारा प्रायमर मारा, नाहीतर लालच रंगवा.

पुट्टीचा एकच जाड थर. वरून सुकतो, आत ओला राहतो आणि आठवड्याने खड्डा पडतो. पातळ थर, रात्रभर थांबा, दुसरा पातळ थर.

डेकलवर पहिलाच क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) ओला मारणं. डेकल सुरकुततं. आधी दोन हलके हात, मग ओला. जुन्या किटची पिवळी पडलेली डेकलं प्लास्टिक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवून ठेवा, काही दिवसांत बरीच पांढरी होतात.

पॉलिश करताना कडांवर जोर. कडेला रंग मुळातच पातळ बसतो, दोन फेऱ्यांत प्रायमर दिसतो. बॉनेट आणि दरवाज्यांच्या कडांवर आधी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा, मधला भाग झाला की ती काढून कडांवरून नुसतं कापड फिरवा.

आणि किट विकत घेऊन दोन-दोन वर्षं कपाटात ठेवणाऱ्यांनो (आपण सगळेच), विशेषतः जुन्या अमेरिकन किटमधले टायर बाहेर काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. त्या मऊ टायरमधला तेलकट अंश प्लास्टिकला लागून लागून ते वितळवतो. खोकं उघडाल तेव्हा विंडशील्डवर टायरची नक्षी उमटलेली असेल, आणि जुन्या किटची सुटी काच मिळत नाही.