आधी मोजा काढा, मग जखम मोजा

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन मला बावीस वर्षं झाली. पहिली चौदा सर्जरी वॉर्डात गेली, पुढची आठ कोल्हापुरातल्या एका शुश्रूषा केंद्रात जखमांचं काम बघण्यात. आमच्याकडं बहुतेक पेशंट लकव्याचे, खुब्याचं ऑपरेशन झालेले, नाहीतर शुगरवाले. दर सहा महिन्यांनी एखादी नवी पोरगी हाताखाली येते आणि पहिल्याच दिवशी विचारते, "सिस्टर, कुठलं मलम लावायचं?" मलमाचा नंबर पाचवा-सहावा लागतो. त्याच्या आधीचं सांगते.

नवा पेशंट खाटेवर आला की दोन तासांच्या आत सगळं अंग उघडून बघायचं. डोक्याची मागची बाजू, ऑक्सिजनची नळी जाते तिथं कानामागं, खांदे, कोपरं, माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा. ब्रेडन स्केलही भरायचा, म्हणजे पडून पडून दाबानं होणाऱ्या जखमेचा, बेडसोरचा, धोका किती ते मोजायचा तक्ता. त्यात सहा गोष्टींना गुण असतात, एकूण ६ ते २३, आणि १८ किंवा त्याखाली आलं की धोका धरायचा. पण तो कागद खुर्चीत बसून भरता येतो, टाच खुर्चीतून दिसत नाही.

हे मी कशानं शिकले ते सांगते. थंडीतल्या एका शनिवारी संध्याकाळी खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा आले, कागलकडचे. पायात लोकरीचे मोजे. मुलगा म्हणाला, "राहू द्या सिस्टर, आबा गारठल्यात." मी पाठ बघितली, कंबर बघितली, मोजे राहू दिले. सोमवारी सकाळी मावशींनी अंग पुसायला मोजे काढले तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा जांभळट काळा डाग, बोटाला चिखलासारखा मऊ. मुलगा दारातच उभा राहिला. "आमचं माणूस चांगलं आणून सोडलंतं तुमच्याकडं." आता, आतल्या मांसाला बसलेला दाब वर कातडीवर दिसायला साधारण दोन-तीन दिवस घेतो. म्हणजे तो डाग आमच्याकडं यायच्या आधीचा असण्याचीच शक्यता जास्त. पण माझ्या कागदावर टाचेपुढची जागा कोरी होती, मग बोलणार काय? गप ऐकून घेतलं. ती टाच भरायला अडीच महिने लागले आणि तेवढे दिवस मुलगा माझ्याशी धड बोलला नाही.

पुस्तकातल्या चित्रात पहिल्या पायरीचा बेडसोर गुलाबी दिसतो, कारण ते अंग गोऱ्याचं असतं. उसाच्या फडात जन्म काढलेल्या माणसाच्या पाठीवर लाली दिसतच नाही. तिथं हाताची मागची बाजू टेकवा. शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे की गार, घट्ट आहे की पुळपुळीत, आणि दाबल्यावर पेशंट तोंड वाकडं करतो का, ते बघा. ट्यूबलाइटवर भरवसा नको, खिडकी उघडा नाहीतर बॅटरी मारा. आणि संशय आला त्या जागेला चोळायचं नाही. तेल लावून चोळायची सवय घरोघरी असते, पण दुखावलेलं मांस त्यानं आणखी फाटतं.

ढुंगणावरचं सगळंच बेडसोर नसतं. लघवी-संडासनं भिजून सोललेली कातडी पसरट असते, उथळ असते, कडा धड नसतात, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असते. दाबाची जखम हाडावर असते आणि तिला कडा असते. पहिलीला वेळेवर स्वच्छता आणि झिंकचं क्रीम, दुसरीला आधी दाब काढणं. ओळख चुकली की महिनाभर चुकीचंच काम चालतं.

आता मोजणं. आम्ही दर गुरुवारी मोजतो, धुऊन झाल्यावर, कागदी पट्टीनं. जखमेवर घड्याळ ठेवलंय असं समजा: पेशंटच्या डोक्याकडं बारा, पायाकडं सहा. बारा ते सहा लांबी, तीन ते नऊ रुंदी. खोलीसाठी निर्जंतुक स्वॅब सलाईनमध्ये ओला करून सर्वांत खोल जागी हलकेच टेकवायचा, कातडीच्या पातळीला काडी चिमटीत धरायची आणि तशीच पट्टीवर ठेवायची. मग काडी कडेखालून गोल फिरवून बघा. कुठं आत शिरली तर तिथं खिसा आहे. "दोन वाजता २ सेंमी खिसा" असं लिहिलं की रात्रपाळीच्या पोरीलाही जागा सापडते. या वेळी डाव्या कुशीवर मोजली तर पुढच्या गुरुवारीही डाव्याच कुशीवर. कूस बदलली की कातडी ताणते आणि जखम उगाचच लहान-मोठी दिसते.

बेडसोर किती खोल गेलाय त्यावरून पायऱ्या चार: पहिलीत कातडी शाबूत असते, चौथी स्नायू-हाडापर्यंत गेलेली. तळ पिवळ्या घाणीनं नाहीतर काळ्या खपलीनं झाकला असेल तर नंबर द्यायचाच नाही, तसं लिहायचं. आणि चौथ्या पायरीची जखम भरत आली म्हणून ती तिसरी होत नाही. गेलेला स्नायू परत येत नाही, व्रणाचं मांस भरतं. "भरत आलेली चौथी" असंच लिहा.

धुवायला नॉर्मल सलाईन, खोलीच्या तापमानाचं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून नातेवाईक खूश होतात, पण लाल दाणेदार मांस धरलेल्या जखमेत त्यानं नव्या पेशीही मरतात. "वारं लागू दे, खपली धरल" हे तर रोज ऐकते. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघडीच्या जवळजवळ दुप्पट वेगानं आली. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. पाणी फार सुटत असेल तर शोषणारं ड्रेसिंग, कोरडी पडत असेल तर जेल, आणि खिसा असेल तर सैल भरायचा, ठासून नाही. हळद, तंबाखू, चुना यातलं काही घरी लावलंय का ते विचारा, पण न रागावता. रागावलात तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत.

टाचेवरची खपली कोरडी, घट्ट, जागची न हलणारी असेल आणि भोवती सूज, लाली, पू नसेल तर तिला हात लावू नका. बाकी मेलेलं मांस काढायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्याआधी पायाची नाडी लागते का बघून त्यांना सांगा.

शुगरवाल्याला "पायाला मुंग्या येतात का" विचारलं की उत्तर "न्हाई" येतं. मी विचारते, "चप्पल पायातनं निसटली तरी कळत न्हाई, असं झालंय का?" मग आठवतं. एका मामांनी चप्पल लाइनीतनं नवी करकरीत जोडी घेतली होती. नवी कोल्हापुरी चावते हे पोराटोरांनाही ठाऊक, पण मामांना चावलेली कळलीच नाही. अंगठ्याच्या बेचक्यात हाडापर्यंत गेलं होतं.

दाब काढणं हेच खरं औषध. दर दोन तासांनी कूस बदलायची, पण पूर्ण आडवं करून खुब्यावर नाही. पाठीमागं उशी लावून साधारण तीस अंशांत. उशी पोटरीखाली, टाच हवेत. हवेची रिंग नातेवाईक हौसेनं आणतात, ती परत पाठवा. मधल्या मांसाचा रक्तपुरवठा ती कडेनं आवळते. आणि एअर बेडवर वाकळ नको! हजारो रुपये भाड्याचा बेड आणायचा, वर आजीची चार पदरी वाकळ, त्यावर प्लास्टिक. मग खालची हवा कुणाला लागणार? बेडखाली हात घालून बघा. माकडहाडाखाली इंचभर तरी हवेचा थर लागला पाहिजे.

डब्यात पांढरा रस्सा येतो. येऊ दे, पण रश्शात चव असते, प्रथिनं फोडीत राहतात. दात नसतील तर खिमा, अंडी, दूध, मऊ शिजवलेली मटकी. किलोमागं १.२५ ते १.५ ग्रॅम धरा, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला ६२ ते ७५ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वापरलेला गॉज पिवळ्या पिशवीत, सिरिंज आणि ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात.

धुतल्यावरही वास राहिला, लाली कडेबाहेर पसरत गेली, ताप आला, किंवा स्वॅबला हाड कडक लागलं तर गुरुवारची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन. एरवी रजिस्टरमध्ये नोंद अशी पडावी:

"गुरुवार, सकाळी १०. माकडहाड, चौथी, भरत आलेली. ४ × ३ × १.५ सेंमी, दोन वाजता २ सेंमी खिसा. तळ लाल, पाणी थोडं, वास नाही. डाव्या कुशीवर मोजली. टाचा: मोजे काढून बघितल्या, दोन्ही ठीक."