प्लस सी: मी खोडलेलं बरोबर उत्तर

बारावीच्या सराव परीक्षेत मी बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहून आलो. गणित होतं २क्ष + ३ चं इंटिग्रेशन, म्हणजे ज्याचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) २क्ष + ३ येईल अशी राशी शोधायची. सूत्र साधं आहे: क्ष चा घात एकने वाढवा, नव्या घाताने भागा आणि शेवटी सी, म्हणजे कुठलीही स्थिर संख्या, जोडा.

एकेक पद घेऊन क्ष² + ३क्ष + सी काढलं. पाच मिनिटं उरली होती, म्हणून अख्खा कंस एकच पद धरून पुन्हा केलं, नव्या घाताच्या २ ने आणि कंसातल्या क्ष च्या सहगुणकाने, म्हणजे त्याच्या आधीच्या २ ने भागलं, तर आलं (२क्ष + ३)²/४ + सी. एकाच गणिताची दोन उत्तरं! घाम फुटला. भागाकारच चुकला असं वाटून दोन्हींवर काट मारली आणि (२क्ष + ३)²/२ + सी लिहिलं.

आता दुसऱ्या उत्तराचा कंस सोडवून बघा. ४क्ष² + १२क्ष + ९, भागिले ४. म्हणजे क्ष² + ३क्ष + ९/४. पहिल्यापेक्षा फक्त ९/४ जास्त. क्ष शून्य घेतला तर एकाची किंमत ०, दुसऱ्याची ९/४. क्ष १ घेतला तर ४ आणि २५/४, फरक पुन्हा ९/४. कुठलीही किंमत घाला, तो हलत नाही. स्थिर संख्येचं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून दोन्हींचं डेरिव्हेटिव्ह २क्ष + ३ च येतं. दोन्ही उत्तरं बरोबर होती. मी लिहिलेल्याचं मात्र २(२क्ष + ३) येतं, थेट दुप्पट.

हे मला शेजारच्या ताईने दाखवलं. तिने एवढंच विचारलं, “उलटं करून बघितलंस का?” म्हणजे उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढून. वर्षभराच्या क्लासपेक्षा तो प्रश्न मला जास्त उपयोगी पडला.

‘आतल्या सहगुणकाने भागा’ ही ट्रिक कारण न सांगता शिकवणाऱ्यांचा मला अजून राग येतो. सीईटीत ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न असतात, ट्रिकचा मोह कळतो. पण कंसात क्ष ऐवजी क्ष² आला की ती चालत नाही, आणि हे कुणी आधी सांगत नाही. पाठ करू नका. घाबरूही नका, हा धडा खरंच अवघड नाही.

सी ची किंमत काढायला सांगितली तर? समजा क्ष १ असताना उत्तर ७ हवं. पहिल्या पद्धतीत सी येतो ३, दुसऱ्या पद्धतीत ३/४. इथेही दचकू नका, आपापल्या जागी घाला. दोन्हीकडून क्ष² + ३क्ष + ३ च येतं.