साइट उघडत नाही? आधी सिम बदलून बघा
निपाणी-खानापूर पट्ट्यात कधी कधी व्हॉट्सअप झकास चालतं, पण एखादी साइट मात्र नुसती फिरत राहते. लगेच फुकटातलं व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरवणारं ॲप) टाकू नका.

१. तीच साइट घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडा. तिथंही बंद? मग बहुतेक दोष साइटचाच, गप्प चहा घ्या.

२. तिथं उघडली, तर आपल्या फोनच्या (अँड्रॉइड ९ किंवा पुढचा) सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा. होस्टनेमच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत 'डीएनएस डॉट गूगल' लिहा. डॉट म्हणजे टिंब. मध्ये जागा सोडायची नाही. सेव्ह करून साइट पुन्हा उघडा. कधी कधी एवढ्यावर भागतं.

कॉलेजच्या किंवा लॉजच्या वायफायचं लॉगिन पान येईना झालं, तर तेवढ्यापुरतं प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक' करा.