लहान मुलांचे शब्द मोजताना या चुका टाळा

नाशकात सिडको-सातपूरच्या वस्त्यांमध्ये मुलांचे शब्द मोजायला, म्हणजे मूल किती शब्द बोलतं आणि समजतं ते नोंदवायला, नवीन मंडळी येतात, आणि त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक उच्चाराला गुण देण्याची. बागलाणातून आलेल्या घरातली अडीच वर्षांची मुलगी होती. डोळ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "डोया." आमच्या नव्या ताईने फुली मारली. काळ्या कुत्र्याला "काया" म्हणाली, पुन्हा फुली. कागदावर पोर मागे पडलेली दिसली आणि आईचे डोळे भरून आले. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. पोर घरात जे ऐकते तेच अगदी बरोबर बोलत होती. आणि त्या वयात शहरी मुलांनाही 'ळ' कुठे येतो? दुसऱ्या दिवशी आजीला शेजारी बसवून मी पुन्हा मोजलं, सदतीसचे एकशे बारा झाले. आपणहून, त्याच वस्तूसाठी, दर वेळी तोच आवाज येत असेल तर तो शब्द. 'भूभू'सुद्धा.

आईला नुसतं "किती शब्द बोलतो?" विचारू नका. "असतील दहा-बारा," एवढंच उत्तर येतं. मॅकआर्थर-बेट्ससारख्या लहान मुलांच्या शब्दांच्या तयार याद्या पालकांसमोर ठेवतात त्या यासाठीच: शब्द ऐकला की आठवतं. मी एकेक शब्द वाचून दाखवते. पण इंग्रजी यादीचं नुसतं भाषांतर नको. त्यातले लोकरीचे हातमोजे आपल्या पोरांनी पाहिलेलेच नसतात; त्यांना पोळपाट, सूप, घमेलं माहीत असतं.

घरातलं 'मांजर' आणि शेजारची 'बिल्ली', दोन्ही लिहा. समजणारे शब्द वेगळे मोजा, बोललेले वेगळे.

शब्द समजतो का ते बघायला चार चित्रांतलं एक दाखवायला सांगताना तुमची नजर बरोबर चित्राकडे वळते आणि मूल ती नजर पकडतं. मी मुलाच्या चेहऱ्याकडेच बघते. शिवाय नुसत्या अंदाजानेही चारातलं एक बरोबर येतं, तेव्हा एका चित्रावर काही ठरवू नका.

दहा मिनिटांत उरकणाऱ्यांचे कागद मी परत पाठवते. पहिली पंधरा मिनिटं माझी वही पिशवीतच असते, आम्ही चेंडू खेळतो. झोपेतून उठलेल्या किंवा भुकेल्या मुलाचं मोजमाप त्या दिवशी होतच नाही.

दोन वर्षं पूर्ण होऊनही पन्नासच्या आसपास शब्द नसतील, किंवा "आई ये"सारखे दोन शब्द जोडले जात नसतील, तर "मुलगा आहे, उशिरा बोलेल" म्हणून घरी पाठवू नका. आधी कान तपासून घ्यायला सांगा.