रेडिएशन घेताना: पहिल्या दिवशी होतात तसेच रोज या

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंटला टेबलावर झोपवते, लेझरच्या रेषा अंगावरच्या खुणांशी जुळवते, जाड दार लावून बाहेर जाते आणि कॅमेऱ्यात त्याच्याकडे बघत मशीन सुरू करते. डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदा तपासतात, माझी गाठ मात्र सोमवार ते शुक्रवार रोजची. त्यामुळे डॉक्टरांसमोर विचारायचं राहिलेलं सगळं कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारात माझ्यापाशी येतं. त्यातलं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते इथे लिहिते आहे. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टने, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी, काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. तुमची केस त्यांनी पाहिली आहे, मी नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. सीटी सिम्युलेशनच्या दिवशी, म्हणजे उपचाराच्या आखणीसाठी सीटी काढतात त्या दिवशी, तुमचं शरीर जसं असतं त्यावर सगळा प्लॅन बांधला जातो, आणि मग तोच प्लॅन १५, २५ किंवा ३५ वेळा चालवला जातो. गाठीभोवती आपण जी जादा कड धरतो ती बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक सेंटिमीटरची असते. तेवढ्यात बसायचं तर रोज तुम्ही त्या दिवशीसारखेच असायला हवं. खाली जे जे सांगते आहे त्यातलं निम्मंअधिक याच कारणासाठी आहे.

जुने स्कॅन कसे आणायचे

फिल्मचं मोठं पाकीट घेऊन येता ते ठीक, पण आम्हाला खरी गरज सीडीची किंवा पेनड्राइव्हची असते. त्यात डायकॉम फाइल्स असतात, म्हणजे स्कॅनची प्रत्येक चकती मोजमापासकट. एमआरआय किंवा पेट सीटीची ती मालिका आमच्या सीटीवर बसवून डॉक्टर गाठीची हद्द आखतात. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो त्या कामाला शून्य उपयोगाचा. स्कॅन झाल्या झाल्या सेंटरकडून सीडी मागून घ्या. रिपोर्टसोबत ती आपोआप मिळेलच असं धरू नका. ऑपरेशनपूर्वीचा स्कॅन तर जपूनच ठेवा. गाठ मुळात कुठे होती ते नंतर फक्त त्यातच दिसतं.

पेट सीटी अजून व्हायचा असेल तर त्याची तयारी नीट पाळा. त्यात साखरेसारखं एक किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात आणि साखर जास्त ओढणाऱ्या पेशी उजळून दिसतात. म्हणून ४ ते ६ तास पोट रिकामं, साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम नको, नाहीतर मांड्याच उजळतात. इंजेक्शननंतर तासभर पडून राहायचं असतं तेव्हा गप्पा, फोन, च्युइंगगम काही नको, कारण बोलणारे आणि चावणारे स्नायूही साखर ओढतात. गार वाटत असेल तर पांघरूण मागा. थंडीने मानेजवळची एक प्रकारची चरबी उजळते आणि रिपोर्ट वाचणाऱ्याचं काम अवघड होतं. डायबेटीस असेल तर औषध किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं ते आदल्या दिवशीच सेंटरला विचारा. साखर २००च्या वर गेली तर तपासणी पुढे ढकलली जाऊ शकते.

एमआरआयत किरणं नसतात, चुंबक असतो, आणि तो सतत चालू असतो. शरीरात कुठलाही धातू असेल तर सांगा, वीस वर्षांपूर्वी बसवलेला असला तरी.

सिम्युलेशन: हा दिवस घाईत उरकू नका

“इतके सीटी झाले, आता अजून एक कशाला?” हे मला जवळजवळ सगळे विचारतात. आधीचे सीटी आजार शोधायला काढलेले असतात. त्यांचं टेबल खोलगट असतं आणि तुम्ही कसेही झोपलेले असता. हा सीटी सपाट टेबलावर, उपचाराच्या वेळी जसं झोपायचं नेमकं तसं झोपवून काढतात. शिवाय सीटीतल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाण्याला ०, हवेला उणे १०००, हाडाला शेकड्यांत. किरण कुठल्या थरातून जाताना किती अडेल याचा हिशेब कॉम्प्युटर त्या आकड्यांवरून करतो. नुसतं चित्र असतं तर जुनं चाललं असतं.

येण्याआधी दाढी आणि केसांचं काय करायचं ते ठरवून या. डोक्याचा किंवा मानेचा उपचार असेल तर दाढी उतरवायची का, केस कापायचे का, हे सिम्युलेशनच्या आधीच करा. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर घालायचा मास्क बनवतात. तो झाल्यावर दाढी काढली तर मास्क सैल होतो आणि वाढवली तर टोचतो. दातांची कवळी असेल तर ती घालून की काढून, हे त्या दिवशी ठरतं आणि शेवटपर्यंत बदलत नाही.

मास्कची धास्ती बहुतेकांना असते, म्हणून तो कसा बनतो ते सांगते. जाळीदार प्लॅस्टिकची एक कडक पाटी असते. ती साधारण ७० अंशांच्या पाण्यात टाकली की लुसलुशीत होते. बाहेर काढून पाणी निथळवतो, हाताने पाहतो आणि तुमच्या चेहऱ्यावरून ओढून टेबलाच्या खाचांत बसवतो. स्पर्श कोमट आणि ओलसर, चटका बसत नाही. मग नाकाचा दांडा, हनुवटी, भुवया यांवर मी बोटांनी दाबत जाते, कारण तिथेच मास्क पकड घेतो. दहा मिनिटांत तो गार होऊन घट्ट होतो, आणि थोडा आक्रसतोही. दुसऱ्या दिवशी आवळल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. जाळीतून श्वास नीट घेता येतो, डोळेही मिटता येतात. मोठा घोट गिळणं तेवढं अवघड. बंद जागेची भीती असेल तर हे काम सुरू होण्याआधी सांगा. डोळ्यांपुढची जाळी बऱ्याचदा कापून देता येते, डॉक्टर सौम्य गोळीही देऊ शकतात. आणि हाताची एक खूण ठरवून घ्या: हात वर केला की मी थांबवून आत येणार.

छाती किंवा पोटासाठी मास्क लागेलच असं नाही. तिथे कातडीवर तिळाएवढे दोन-तीन ठिपके गोंदतात किंवा मार्करने रेघा काढून वर पारदर्शक पट्टी लावतात. रेघ पुसट झाली तर घरी पेनने गिरवू नका. दोन मिलिमीटर सरकलेली रेघ नसलेल्या रेघेपेक्षा वाईट.

सीटीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देणार असतील तर आधीची अ‍ॅलर्जी, किडनीचा त्रास आणि डायबेटीसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ते सांगा. इंजेक्शन जाताना अंगभर गरम वाटतं आणि लघवी झाल्याचा भास होतो. झालेली नसते, लाजू नका. पेसमेकर आहे किंवा गरोदर असण्याची शक्यता आहे, तर ते कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगा.

ओटीपोटाचा उपचार: मूत्राशयाचं गणित

प्रोस्टेट, गर्भाशयमुख, गुदाशय अशा उपचारांत सर्वांत जास्त वेळ जातो तो इथे. भरलेलं मूत्राशय आतड्याला वर उचलून धरतं, म्हणजे आतडं किरणांच्या वाटेतून बाजूला राहतं. नेहमीची पद्धत अशी: आधी लघवीला जाऊन या, मग ठरलेलं पाणी प्या, बहुधा अर्धा लिटर, आणि ३० ते ४५ मिनिटं थांबा. तुमच्या सेंटरने वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळा, पण रोज तेच.

रोज मशीनवर आधी एक छोटा सीटी काढतो. त्यात मला मूत्राशय दिसतं आणि सिम्युलेशनच्या दिवशी ते केवढं होतं त्याची रेघही दिसते. पाणी कमी प्यायलेला माणूस तिथे सुटत नाही. मूत्राशय रेघेच्या निम्म्यावर असतं आणि शेजारी आतड्याचं एक वेटोळं खाली उतरलेलं असतं. मग उतरा, पाणी प्या, पुन्हा थांबा, आणि मागचे सगळे ताटकळतात. उलट, नंबराला उशीर झाल्यामुळे अगदी सहन होत नसेल तर तसं सांगा. मूठ आवळून पडून राहिलात तर शरीर हलतं आणि सगळंच चुकतं. थोडं पाणी रात्रभरात कमी पडलं असेल तरी मूत्राशय लवकर भरत नाही, म्हणून आदल्या दिवसापासूनच पाणी नीट प्या.

गुदाशय रिकामं हवं. बद्धकोष्ठ असेल तर दुर्लक्ष करू नका, डॉक्टरांकडून औषध घ्या. आतल्या वायूचा एक फुगा प्रोस्टेटला सेंटिमीटरभर पुढे ढकलू शकतो. पोट कशाने फुगतं ते तुमचं तुम्हाला माहीत असतं. या काही आठवड्यांत ते टाळा.

डाव्या स्तनाच्या उपचारात बऱ्याच ठिकाणी श्वास रोखायला सांगतात. छाती भरली की हृदय मागे सरकतं. साधारण २० सेकंद रोखता आला की पुरतं. घरी झोपून सराव करा, मात्र पोट न फुगवता आणि पाठ न उचलता.

रोजचा क्रम

सिम्युलेशन आणि उपचाराचा पहिला दिवस यांत काही दिवसांपासून दोनेक आठवडे जातात. त्या वेळात डॉक्टर अवयव आखतात, प्लॅन बनतो आणि फिजिसिस्ट तो तपासतात. फाइल पडून राहिली आहे असं समजू नका. तोंड-घशाचा उपचार असेल तर डेंटिस्टकडे मात्र त्याही आधी जा. काढायचे दात रेडिएशनपूर्वी काढून जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात.

टेबलावर झोपल्यावर अंग सैल सोडा आणि आम्हाला मदत करू नका. मी खाली अंथरलेली चादर दोन मिलिमीटर ओढते, पेशंटला वाटतं बाईंना जमत नाहीये, आणि तो स्वतःच चांगला इंचभर सरकतो. मग पुन्हा पहिल्यापासून. रोजचा तो छोटा सीटी झाला की टेबल आपोआप किंचित हलतं, दचकू नका. मशीन तुमच्याभोवती फिरतं, अंगाला लागत नाही. किरण काही मिनिटंच चालू असतात, बाकी सगळा वेळ जुळवाजुळवीचा. दुखत नाही, गरमही वाटत नाही. मेंदूच्या उपचारात काहींना डोळे मिटलेले असताना निळसर उजेड दिसतो किंवा विचित्र वास येतो. हे ठाऊक असलेलं आहे, घाबरू नका. दार उघडताच किरण बंद होतात, त्यामुळे आत अडकलोय असं वाटून घेऊ नका. आमचा आवाज तुम्हाला ऐकू येतो, तुमचा आम्हाला.

डोस ग्रे या एककात मोजतात. पूर्वी सरसकट रोज २ ग्रे दिले जात. घशाच्या अनेक केसेसमध्ये अजूनही ३५ दिवसांत ७० ग्रे देतात, स्तनासाठी मात्र १५ दिवसांत ४० ग्रे किंवा निवडक केसेसमध्ये ५ दिवसांत २६ ग्रे. हाडातल्या दुखण्यासाठी ८ ग्रेचा एकच डोसही पुरतो. शेजारच्या पेशंटला २५ आणि तुम्हाला १५ म्हणून वाद घालू नका, दिवस मोजून उपचार जास्त की कमी ते कळत नाही.

दांडी मात्र मारू नका. घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात. घशाच्या बाबतीत उपचार एक दिवस लांबला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. गर्भाशयमुखाचा सगळा उपचार, आतून देण्याच्या रेडिएशनसकट, ८ आठवड्यांत संपवायचा असतो. ताप आला, गिळता येईना, तरी घरी बसून राहू नका. येऊन दाखवा, थांबायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. मशीन बंद पडून दिवस गेला तर तो कसा भरून काढणार हे बेधडक विचारा.

कातडीला सौम्य साबण आणि कोमट पाणी चालतं. घासणं, गरम पिशवी, बर्फ, ब्लेड चालत नाही. क्रीम लावायचं ते आम्हाला विचारून आणि पातळ थरात. तंबाखू, सिगरेट पूर्ण बंद, उपचाराचा गुण त्यांनी कमी होतो. वजन उतरू देऊ नका. दोन-चार किलो गेले की मास्कमध्ये चेहरा हलायला लागतो आणि कधी कधी सीटीपासून सगळं नव्याने करावं लागतं. गिळणं जड होऊ लागलं की आहारतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जा.

घरातल्यांचा प्रश्न

बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात उरत नाही. मशीन बंद झालं की संपलं. नातवंडाला मांडीवर घ्या, एका ताटात जेवा. आतून देण्याच्या उपचारात इरिडियमचा दाणा वेळ संपताच मशीनमध्ये परत जातो. पेट सीटीच्या औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून उरलेला दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून थोडं लांब राहा. थायरॉइडसाठी मोठ्या डोसचं आयोडीन घेतलं असेल तर नियम कडक असतात, ते लेखी मागून घ्या.

संपल्यावर

शेवटच्या दिवशी लगेच बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. कातडी आणि तोंडाचा त्रास त्यानंतर आठवडा-दोन आठवडे वाढतो आणि मग उतरतो. थकवा आणखी रेंगाळतो, रोज थोडं चालल्याने तो सुसह्य होतो. स्कॅनची घाईही करू नका. रेडिएशननंतरची सूज पेटवर गाठीसारखीच उजळते, म्हणून मान-घशासाठी १२ आठवडे थांबतात.

निघताना उपचाराचा सारांश मागून घ्या. कुठल्या भागाला, किती ग्रे, किती फ्रॅक्शन (म्हणजे किती वेळांत विभागून), कुठल्या तारखांना, एवढं त्यात असायला हवं. एक प्रत स्कॅनच्या सीडीसोबत ठेवा. जबड्याला रेडिएशन झालं असेल तर दहा वर्षांनीही दात काढण्याआधी डेंटिस्टला तो कागद दाखवा आणि आमच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगा, कारण तिथल्या हाडाची जखम भरून येण्याची ताकद कमी झालेली असते.