नुसता फोन नंबर लिहून बाबा होता येत नाही

ठाण्यातल्या नौपाड्यात पाळणाघर चालवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. मुलांचा कंटाळा कधी आला नाही. आईबापांच्या त्याच त्या चुकांचा मात्र आलाय.

पहिली चूक फॉर्मवरच. आईचा मोबाइल, आईच्या ऑफिसचा नंबर, आजीचा नंबर. बाबांचा सगळ्यात खाली, तोही कसाबसा लिहिलेला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका सव्वादोन वर्षांच्या पोराला जेवणानंतर १०२ ताप चढला. सवयीनं आईला फोन लावला. ती तुर्भ्याला ऑफिसात. मीटिंगमधून तशीच उठली, ट्रान्स हार्बरची गाडी पकडली, गाडी ऐरोलीच्या अलीकडे वीस मिनिटं उभी. सव्वा तासानं पोचली ती भिजलेली, रडवेली. आणि बाबा? त्या दिवशी घरूनच काम करत होता. पाचपाखाडीत, इथून चालत दहा मिनिटांवर! ‘मला कुणी कळवलंच नाही,’ म्हणाला. राग आला, पण त्यात चूक माझीही होती. माझंही बोट आपसूक आईच्याच नावावर जायचं.

तेव्हापासून माझ्या फ्रिजवर तक्ता आहे. सोमवार ते बुधवार पहिला फोन बाबांना, गुरुवार ते शनिवार आईला. ज्याचा दिवस, त्यानं यायचं, नाहीतर कोण येणार ते सकाळीच सांगायचं. ‘काकू, जरा हिला कळवता का?’ असं कुणी बाबा म्हणाला, की मी म्हणते, ‘तुम्हीच कळवा,’ आणि फोन ठेवते.

दुसरी चूक आयांची. काम द्यायचं आणि लगाम हातात ठेवायचा. बाबा पोराला न्यायला आला की व्हिडिओ कॉलवर आई हजर: ‘टोपी घातली का? ती निळी नको.’ महिन्याभरात बाबा यायचा बंद. अहो, डबा बाबांकडे दिला म्हणजे तो नुसता भरणं नव्हे. भाजी संपलीय हे आदल्या रात्री त्यानंच बघायचं, परत आलेला डबा उघडून पोरानं काय टाकलं तेही त्यानंच बघायचं. काम द्या तर डोक्यातल्या कटकटीसकट द्या, आणि तीन आठवडे तोंड उघडू नका. चार दिवसांत ‘यांना जमतच नाही’ म्हणणाऱ्यांचं काही खरं नाही. हल्ली जोडपी कामं वाटून घ्यायला ॲप घेतात. त्यात नोंदी कोण करतं? आईच!

‘मी तिला मदत करतो’ म्हणणाऱ्या बाबांसाठी: सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं, पुरुषांचे ९७. तेही घरकाम करणाऱ्या पुरुषांचे. न करणारे त्यात धरलेलेच नाहीत.

औषध. तापाचं पातळ पॅरासिटामॉल ५ मिलीत १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. घरात एकच बाटली ठेवा, दिल्याची वेळ तिच्यावरच्या चिठ्ठीवर लिहा. दोन डोसांत किमान चार तास हवेत. आईनं दिलं, अर्ध्या तासानं बाबानंही दिलं, असं सर्रास होतं.

आजीला गृहीत धरू नका. तिच्या गुडघ्यांनाही रविवार लागतो.

ऑफिसात ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय कायद्यानं द्यावी लागते, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीपासून. दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही आहे, पण फक्त आईला (कायद्यालाही बाबा आठवला नाही). बाळंतपणाच्या रजेचे २६ आठवडे संपायच्या आत ऑफिसात विचारा. आणि बाबा केंद्र सरकारी नोकरीत असेल तर १५ दिवसांची रजा मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. बारशाच्या पाहुण्यांत ती उडवू नका.

शेवटचं, उशीर. सात म्हणजे सात. घोडबंदरचं ट्रॅफिक मला सांगू नका, मीही ठाण्यातच राहते.