बेसमेंटमधली गाडी आणि उतरलेली बॅटरी : आधीच करून ठेवायची तयारी

गेल्या गणपतीला गावी निघायचं म्हणून पहाटे चारला खाली आलो, सामान आदल्या रात्रीच भरलेलं, किल्ली फिरवली तर गाडी नुसतं टकटकटक. चार-पाच वेळा सेल्फ मारून बघितला तेवढ्यात डॅशबोर्ड पण विझला. लेकाने सामान भरताना आतला दिवा चालू ठेवला होता. तो दिवा पाच वॅटचा, म्हणजे अर्धा अँपिअरही खात नाही, एका रात्रीत धडधाकट बॅटरी काही मरत नाही त्याने, पण आमची चार वर्षं जुनी आणि गाडी पंधरा दिवस जागेवरून हललेली नव्हती. ठाण्यात स्टेशनला रिक्षाने आणि पुढे लोकलने जाणाऱ्यांच्या गाड्यांचं हेच होतं, त्या चालतात कमी आणि उभ्याच जास्त.

जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली चालू करायची ती चिमट्यांची तार) होती हो आमच्याकडे, पण डिकीत, स्टेपनीजवळ. आणि डिकी उघडते बटणावर, म्हणजे करंट नाही तर डिकी पण नाही. शेवटी मागची सीट पाडून मी आत शिरले, नारळाची पिशवी आणि सासूबाईंचा मोदकपात्राचा खोका बाजूला सारत केबलपर्यंत पोचले. तर पहिली गोष्ट हीच, केबल डिकीत ठेवू नका, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली ठेवा. तिथेच टॉर्च (मोबाईलचा नको, मोबाईल त्या वेळी दुसऱ्या कामाला लागतो), दहा नंबरचा पाना आणि एक जुनं फडकं. बटणाने स्टार्ट होणारी गाडी असेल तर रिमोटच्या आत एक साधी किल्ली लपवलेली असते, ती कशी निघते आणि दाराचं भोक कुठे आहे हे आजच संध्याकाळी जाऊन बघून या. काही गाड्यांत ते भोक हँडलच्या टोपणाखाली असतं, माझ्या नणंदेला तीन वर्षं माहीतच नव्हतं.

आता पार्किंग. माझ्या मते हे केबलपेक्षाही महत्त्वाचं आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये बेसमेंटला आपण सरळ नाक खुपसून गाडी लावतो, बोनेट भिंतीला. मग शेजारचे काका गाडी घेऊन आले तरी त्यांची बॅटरी आपल्या बॅटरीपर्यंत पोचणार कशी? म्हणून रिव्हर्समध्ये लावायची सवय करा, बोनेट रस्त्याकडे. स्टॅक पार्किंगवाल्यांचे, म्हणजे लिफ्टवर एकावर एक गाड्या लावणाऱ्यांचे, हाल तर विचारू नका. खालच्या पॅलेटवर तुमची गाडी बंद पडली की बऱ्याच ठिकाणी वरच्याची गाडी पण अडकते आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर काय काय वाचावं लागतं ते ज्याचं त्याला माहीत. तिथे दुसरी गाडी जवळ आणताच येत नाही, त्यामुळे पॉवर बँकसारखा तो जंप स्टार्टर घेतलेलाच बरा. फक्त तो घरी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा. मे महिन्यात नेरूळ-वाशीला उघड्यावर उभ्या गाडीत लिथियमची वस्तू ठेवणं म्हणजे स्वतःहून दुखणं विकत घेणं.

केबल घेताना नुसती जाडी बघून फसू नका. स्वस्त केबलला बाहेरून रबर जाड आणि आत तार दोऱ्यासारखी असते. पेट्रोल गाडीला १६ स्क्वेअर एमएम तांब्याची चालते, डिझेलला २५ ची घ्या, लांबी निदान तीन मीटर.

बेसमेंटला नेटवर्क नसतं, त्यामुळे तिथे उभं राहून व्हिडिओ बघू असं मनात धरू नका, जोडायचा क्रम कागदावर लिहून केबलच्या पिशवीतच टाका. दोन्ही गाड्या बंद, न्यूट्रलला किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा आपल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, एखादा जाड बोल्ट बघून, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन हा पेटणारा वायू निघतो, म्हणून लांब. प्लस-मायनस टॉर्च मारून वाचा, नुसत्या लाल टोपणावर विसंबू नका, उलटं लागलं तर फ्यूजपासून ईसीयूपर्यंत (इंजिनचा कॉम्प्युटर) काहीही जाऊ शकतं. मग मदतीला आलेली गाडी चालू करून पाच मिनिटं ठेवायची, आपला सेल्फ पाच सेकंदांच्या वर मारायचा नाही, नाही घेतली तर थांबून परत. काढताना सगळं बरोबर उलट्या क्रमाने. बॅटरी फुगलेली किंवा गळत असेल तर यातलं काहीच करू नका, सरळ मेकॅनिक बोलवा.

मदतीला कोणाची गाडी चालेल हे पण आधीच ठरवून ठेवा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रीडवाल्यांना त्यांचं मॅन्युअल वाचल्याशिवाय गळ घालू नका. वॉचमन म्हणाला, "मॅडम, धक्का मारू का?" बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, पण आमची ऑटोमॅटिक, ती धक्क्याने चालू होत नाही. मॅन्युअल असेल तर दुसऱ्या गिअरला होते, पण बेसमेंटच्या रॅम्पवर चढती गाडी ढकलणार कोण? ऑटोमॅटिकमध्ये बॅटरी गेली की गिअर पार्कमधून हलत नाही असंही होतं, बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ एक छोटं झाकण असतं, त्याखाली तो सोडवायची सोय असते, ते कुठे आहे ते बघून ठेवा.

चालू झाली की लगेच बंद करून चहा प्यायला वर जायचं नाही. निदान अर्धा-पाऊण तास चालवा, आणि तीही मोकळ्या रस्त्यावर. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभं राहिलात तर चार्जिंग जेमतेमच होतं. मी मुलुंडवरून ऐरोली पूल ओलांडून परत येते, ऑक्टोबर २०२४ पासून तिथे लहान गाड्यांना टोल पण नाही. नवी मुंबईवाल्यांना पाम बीच रोड आहेच. मध्ये कुठेही, तीनहात नाक्याच्या सिग्नललासुद्धा, इंजिन बंद करू नका, आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी स्टार्ट-स्टॉपची सोय असेल तर ती आधीच ऑफ.

आणि एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) घरात ठेवा. लांब जायच्या आदल्या संध्याकाळी, गाडी दोन-चार तास बंद असताना मोजायचं. १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.४ पर्यंत हरकत नाही, १२.२ च्या खाली दिसलं तर त्याच रात्री एक फेरी मारून या किंवा चार्ज करून घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं, नसेल तर दोष बहुधा अल्टरनेटरचा (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करतो तो), आधी तो तपासून घ्या, नुसती बॅटरी बदलून उपयोग नाही. टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा दिसला तर गाडी बंद करून आधी मायनस काढा, मग प्लस, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, सुकवा, व्हॅसलिन लावा, जोडताना प्लस आधी.

इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर त्याचा नंबर आणि पॉलिसीचा फोटो फोनमध्ये ठेवा, त्यासाठी नेट लागू नये. बॅटरीचं वॉरंटी कार्ड आमच्याकडे दोन वर्षं देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये होतं. नव्या बॅटरीचं आता ग्लव्ह बॉक्समध्ये आहे, तारीख मार्करने बॅटरीवरच लिहिली आहे.